एक चिंचोका

संपतची मान पहिल्यांदा कलली ती तळेऱ्याचा फाटा सोडल्यावर. अगदी किंचित. कीर्तन लांबलं की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांची कलते ना, तेवढीच. मी पुढच्या सीटवर त्याच्या शेजारी बसले होते, म्हणून मला दिसली.

"संपत, तुमचं गाव कुठलं म्हणालात?" मी मोठ्यानं विचारलं.

"आँ?" तो दचकला. सुमो रस्त्याच्या कडेला खडीवर उतरली, करकर वाजली आणि परत डांबरावर आली. "माझं व्हय? ढालगाव, मॅडम."

"डोळा लागतोय का तुमचा?"

"न्हाई, न्हाई. ऊन येतंय डोळ्यावर."

ऊन आमच्या पाठीमागं होतं.

मी मुळातली भित्री. आमच्याकडे पाल चुकचुकली तरी मी आधी गॅस बंद करते. त्यामुळं माझ्या भीतीला घरीदारी काही किंमत नव्हती, आणि गाडीत तर नव्हतीच. मागं वळून पाहिलं तर बेबीताई खिडकीला डोकं लावून चक्क घोरत होत्या. पलीकडच्या खिडकीशी शमीमभाभी तोंडावर ओढणी घेऊन गप्प पडल्या होत्या. आणि दोघींच्या मधोमध, मांडीवर पर्स आणि पर्सवर दोन्ही हात ठेवून, शालनवहिनी ताठ बसल्या होत्या. डोळे मिटलेले.

"वहिनी," मी हळूच म्हणाले, "वैभववाडीला चहाला थांबूया काय?"

"चहा गगनबावड्याला," डोळे न उघडता त्या म्हणाल्या. "घाट चढून गेल्यावर. ठरलंय तसं."

"पण संपतला जरा..."

"सहाच्या आत गाडी दारात लागली पायजे, उज्वला. तुला ठाऊक हाय."

मला ठाऊक होतं. आम्हा चौघींनाही ते पाठ झालं होतं.

ही ट्रिप म्हणजे आमची दोन वर्षांची भिशी. मिरजेत एकाच कॉलनीत, एकाच बोळात आमची चौघींची घरं. कुणाची भाजीतून उरलेली चिल्लर, कुणाचे शिवणाचे पैसे, कुणाची माहेरची ओवाळणी. त्यातून मालवणला जायचं, समुद्र बघायचा, एक रात्र राहायचं आणि परत यायचं. नवरे नाहीत, पोरं नाहीत. आमच्या बोळात असं पूर्वी कधी घडलेलं नव्हतं, त्यामुळं परवानग्या मिळवतानाच आमचा अर्धा जीव गेला. माझ्या सासूबाई म्हणाल्या होत्या, "जा बाई. पण परत येऊन पैशाला हात पसरलास तर पुन्हा उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाव काढू नकोस." थोड्याफार फरकानं प्रत्येकीला हेच ऐकावं लागलं होतं. म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त खर्च झाला असता, तर ही आमची पहिली आणि शेवटची ट्रिप ठरणार होती.

खर्चाचं सगळं शालनवहिनींकडे. त्या आमच्यात वयानं मोठ्या, पन्नाशीच्या पुढच्या. हिशेब त्या कागदावर मांडत नसत. स्वयंपाकघरातल्या फरशीवर चिंचोके मांडत. एक चिंचोका म्हणजे शंभर रुपये. एक रांग डिझेलची, एक गाडीभाड्याची, एक खोल्यांची, एक जेवणाची. ड्रायव्हरच्या भत्त्याचे तीन. अडीअडचणीचे चार, आणि त्या चारांना हात लावायचा नाही अशी ताकीद.

"आणि संपतच्या झोपायचं?" मीच विचारलं होतं. "त्याला कॉट घ्यायची तर शंभर पडतील."

वहिनींनी एक चिंचोका मांडला. जरा वेळ त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा उचलला. "ड्रायव्हर लोक गाडीतच झोपतात की. गाडीवर नजर पण राहती."

कुणी काही बोललं नाही. सगळ्यांकडचे ड्रायव्हर गाडीतच झोपतात, त्यात बोलायचं काय? बेबीताईंनी तेवढ्यात वहिनींच्या मुठीकडे बोट केलं. "ते दोन कसले राहिले हो हातात?"

"ते माझं मला," वहिनी म्हणाल्या आणि मूठ पदराखाली घेतली.

शेवटी त्यांनी आम्हाला बजावलं की दुसऱ्या दिवशी सहाच्या आत गाडी परत आली पाहिजे, नाहीतर गाडीचा मालक तिसऱ्या दिवसाचं भाडं लावतो. तिसऱ्या दिवसाचे चिंचोके आमच्याकडे नव्हतेच. त्या दिवसापासून सहा हा आकडा आमच्या चौघींच्या डोक्यावर बसला. मालवणला समुद्रात पाय बुडवून उभी होते तेव्हासुद्धा मी घड्याळ बघत होते.

काटकसरीत शालनवहिनींचा हात कुणी धरणार नाही, हे बोळात सगळ्यांना माहीत होतं. मागच्या थंडीत एकदा मी पहाटे दुधाला उठले, तर वहिनी त्यांच्या पायरीवर शाल गुंडाळून बसलेल्या. "लवकर उठलात?" म्हटलं, तर म्हणाल्या, "रांगोळी घालायची हाय." रांगोळीचा डबा काही जवळ दिसला नाही. मी बेबीताईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "उजेडाची वाट बघत असतील गं. बाहेरचा दिवा जाळला तर बिल येतं." आम्ही दोघी खूप हसलो होतो.

वैभववाडी मागं पडली. समोर घाटाचा डोंगर उभा राहिला, आणि संपतची मान दुसऱ्यांदा कलली.

"संपत, काल रात्री झोप झाली ना?"

"झाली की." मग थोड्या वेळानं, स्वतःशीच बोलल्यासारखं, "डास लई हुते. काचा लावल्या की उकडतंय, उघडल्या की डास."

"आणि परवा?"

"परवा पुण्याचं भाडं हुतं. पहाटं आलो आणि तशीच तुमची गाडी धुतली."

म्हणजे दोन रात्री. दोन रात्री न झोपलेला माणूस, दुपारी कणकवलीच्या खानावळीत भरपेट भात आणि माशाची आमटी जेवून, आम्हाला घेऊन घाट चढत होता.

"अहो, मग थांबूया ना. पाच मिनिटं तोंड धुवा, पाय मोकळे करा."

त्यानं आरशातून मागं पाहिलं. "नको मॅडम. सहाला पोचायचं कबूल केलंय मी. जातो की. ह्या घाटात मी शंभर येळा आलोय."

मग मी बोलत सुटले. काय वाट्टेल ते बोलले. त्याच्या मुलीचं नाव विचारलं, ती किती दिवसांची होती तेव्हा बारसं केलं ते विचारलं, ढालगावाला पाणी कुठून येतं, म्हशी किती, त्यातली दुभती कुठली. तो उत्तरं देत होता, पण उत्तर आणि प्रश्न यांच्यातलं अंतर वाढत चाललं होतं. बेबीताईंच्या डब्यातला ठेचा मी बोटावर घेऊन त्याच्यापुढं धरला. त्यानं तो खाल्ला, डोळ्यांतून पाणी काढलं, आणि दोन वळणांनंतर त्याच्या पापण्या परत जड झाल्या. मी पाण्याची बाटली दिली. त्यानं एका हातानं तोंडावर पाणी मारलं, आणि तेवढ्या वेळात गाडी एका हातावर, दरीच्या कडेनं.

दरी आता माझ्या बाजूला आली होती. खिडकीतून खाली पाहिलं की रस्ता दिसत नव्हता, एकदम झाडांचे शेंडे दिसायचे. मी बघायचं बंद केलं. दोन्ही हातांनी डॅशबोर्डवरची दांडी पकडली आणि नजर त्याच्या डोळ्यांवर ठेवली. ते मिटले की हाक मारायची. एवढंच माझ्या हातात होतं. मला मोठ्यानं रडावंसं वाटत होतं आणि मी विचारत होते, "मग म्हैस किती दूध देते?"

"मुलीचं... नाव..." संपत म्हणाला.

मी आत्ता मुलीचं नव्हे, म्हशीचं विचारलं होतं.

समोरच्या वळणावरून एसटीचा हॉर्न आला. लांबलचक. संपतची हनुवटी छातीवर टेकलेली होती आणि त्याचे हात स्टिअरिंगवरून हळूहळू खाली उतरत होते.

मी किंचाळले. काय म्हणून किंचाळले ते आठवत नाही. मला गाडी चालवता येत नाही, तेव्हाही येत नव्हती, पण मी स्टिअरिंगवर झडप घातली आणि जिवाच्या आकांतानं स्वतःकडे ओढलं. एसटी आमच्या आरशाला चाटून गेली. मग माझ्याच बाजूला कडाकड, कडाकड असा आवाज झाला. कठड्याचे दगड गाडीच्या पत्र्यावरून घासत मागं चालले होते. पुढं एकदम धक्का बसला आणि इंजिन बंद पडलं.

क्षणभर काहीच आवाज नाही. मग गाडी मागं जायला लागली.

चढ होता. इंजिन बंद. संपत जागा झाला होता, पण कुठं जागा झालो हे त्याला कळत नव्हतं. तो हँडब्रेक शोधत सीटखाली चाचपडत होता. गाडी घरंगळत मागं चालली होती, आणि मागच्या काचेत फक्त आकाश दिसत होतं. बेबीताई "अगं आई, अगं आई" एवढंच म्हणत होत्या.

तेव्हा शमीमभाभींनी दार उघडलं. त्यांच्या घरी तीन ट्रक होते, लग्नाआधीपासून ट्रकवाल्यांच्यात वाढलेल्या. चालत्या गाडीतून त्या उतरल्या, धडपडल्या, गुडघ्यावर पडल्या, उठल्या, आणि कठड्याचा ढासळलेला एक धोंडा दोन्ही हातांनी लोटत मागच्या चाकाखाली घातला. गाडी धोंड्यावर चढली, हिसका बसला, आणि थांबली.

"ब्रेकवरचा पाय काढू नको रे!" त्या ओरडल्या. "काढलास तर बघ!"

आम्ही एकेक करून उतरलो. मी माझ्या बाजूनं उतरूच शकले नाही, दार कठड्याला चिकटलं होतं. संपतच्या बाजूनं उतरून मी पुढं येऊन पाहिलं. पुढचं डावं चाक मघाशी जिथं धडकलं होतं, तो कठड्याचा शेवटचा दगड होता. त्या दगडाच्या पुढं कठडा नव्हता. गेल्या पावसात कधीतरी पडला असावा. तिथं नुसत्या झुडपांना कुणीतरी लाल चिंधी बांधून ठेवली होती.

मी रस्त्यातच फतकल मारून बसले. एसटीच्या ड्रायव्हर-कंडक्टरनं धावत येऊन गाडी पुढं घ्यायला मदत केली, संपतला दोन शिव्या दिल्या आणि आम्हाला पाणी दिलं. एसटी गेली. मग घाटात आम्ही पाचजण उरलो आणि वारा.

संपत कठड्यावर डोकं धरून बसला. "मालक मला काढून टाकतोय आता. डावी बाजू सगळी गेली. पगारातनं कापलं तरी दोन वर्सं फिटणार न्हाई."

"पत्र्याचं आमच्याकडं लागलं," बेबीताई म्हणाल्या. "ते चार चिंचोके आहेत ना अडचणीचे. उरलेलं काढू भिशीतनं. जीव ऱ्हायलाय हे काय कमी हाय?"

"तुम्ही आधी झोपा," मी म्हणाले. "वर गगनबावड्यापर्यंत हळू चला, भाभी तुमच्या शेजारी बसतील. तिथं दोन तास झोपायचं. तिसऱ्या दिवसाचं भाडं लागलं तर लागू दे."

संपतनं मान वर केली. "तिसरा दिवस कसला?"

"सहाच्या पुढं गेलं की तुमचे मालक तिसरा दिवस धरतात ना?"

"न्हाई ओ मॅडम. आमच्या मालकाचा दिवस रात्री बारापर्यंत. सगळ्यांचाच तसा असतोय."

"मग सहाचं कुणी सांगितलं?"

मग त्यानं आमच्या पाठीमागं पाहिलं. "आक्कांनी. सहाच्या आत दारात सोडलंस तर वरती दोनशे देते म्हनाल्या. कुणाला सांगू नको म्हनाल्या. म्हनून तर मी कुठं थांबलो न्हाई."

आम्ही तिघी वळलो. शालनवहिनी गाडीपाशी उभ्या होत्या, पर्स छातीशी धरून. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता, आणि तो दरी बघून झाला नव्हता. त्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होत्या.

"वहिनी?" मी म्हणाले.

"मी झोपले न्हवते," त्या म्हणाल्या. "तळेऱ्यापासनं मला दिसत हुतं, त्याची मान पडतीय ते. आरशात दिसत हुतं सगळं."

"आणि तुम्ही काही बोलला नाहीत?" बेबीताई ओरडल्याच. "आमची पोरं हायत घरी! चौघींची मढी गेली असती घरी!"

"बेबी, सहा वाजता ते कडी लावतात."

कुणाला काही कळलं नाही. 'ते' म्हणजे जगदाळेसाहेब, वहिनींचे मिस्टर. पांढरा शुभ्र शर्ट, पॉलिश केलेले बूट. बोळात त्यांना मोठ्यानं बोललेलं कुणी ऐकलं नव्हतं. भेटले की हात जोडायचे. माझ्या नवऱ्याला मी त्यांचं उदाहरण देत असे.

"कुठंही गेले तरी सहाच्या आत यायचं, असं हाय आमच्याकडं," वहिनी सांगत होत्या, जणू डिझेलचा भाव सांगावा तशा. "मागं बहिणीकडं गेले, तर सांगलीच्या पुलावर बस अडकली. सव्वासहा झाले. कडी काढली न्हाई. आत दिवा चालू हुता, बातम्या चालू हुत्या. सकाळी दूधवाला आल्यावर काढली. दूधवाल्याला मी सांगितलं, किल्ली हरवली."

मला ती पहाट आठवली. ती शाल. तो नसलेला रांगोळीचा डबा. मी आणि बेबीताईंनी एकमेकींकडे पाहिलं आणि दोघींनी मान खाली घातली.

"मग आम्हाला सांगायचं की वो," शमीमभाभी म्हणाल्या. त्यांच्या गुडघ्यातून रक्त येत होतं, ते त्या ओढणीनं दाबत होत्या.

"काय सांगायचं? तुम्ही सगळ्या माझ्या शब्दावर आलाय. मी सगळ्याचा हिशेब मांडला. हे कुठल्या रांगेत मांडू?"

वाऱ्यानं त्यांचा पदर उडाला, तो त्यांनी सावरला. मग एवढी धीराची बाई रडायला लागली. आवाज न करता, पर्सवर वाकून. संपत उठून पाठ फिरवून उभा राहिला.

गगनबावड्याला पोचलो. संपतला आम्ही एका चहाच्या टपरीमागच्या बाजेवर झोपवलं. टपरीवाल्यानं बाजेचे पैसे घेतले नाहीत. तो पडल्या पडल्या मेल्यासारखा झोपला. समोरच एसटीडीचं बूथ होतं.

"घरी फोन करा, वहिनी. गाडीला अपघात झाला म्हणून सांगा. खरंच झालाय की," मी म्हणाले.

"उचलला तर सांगायचं ना," वहिनी म्हणाल्या.

तरी मी लावला. वाजत राहिला. दोनदा, तीनदा. बूथवाला म्हणाला, "घरात कुणी नसेल." वहिनींनी फक्त मान हलवली. माझी घाटातली भीती अजून उतरली नव्हती, त्यात ही दुसरी बसली. दरी निदान दिसत तरी होती. वाजत राहणाऱ्या फोनच्या पलीकडे खुर्चीत शांत बसलेला माणूस मला दिसत नव्हता, आणि त्याच्याच दारात आम्ही वहिनींना सोडून येणार होतो.

दोन तासांनी परत निघालो. संपत ताजातवाना झाला होता, गाडी पाण्यासारखी चालली होती. कोल्हापूर गेलं, दिवे लागले. सहा कधीच वाजून गेले होते. ते वाजले तेव्हा वहिनींनी घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं, हे मी पाहिलं.

मिरजेत शिरलो तेव्हा आठ वाजायला आले होते. बोळाच्या तोंडाशी सुमो थांबली. जगदाळ्यांच्या खिडकीत उजेड होता, टीव्हीचा आवाज बाहेर येत होता. आम्ही चौघी पिशव्या घेऊन त्यांच्या पायऱ्यांपाशी गेलो. वहिनींनी बेल दाबली.

टीव्ही बंद झाला. मग उजेड गेला.

दार तसंच. आत कुणी चालल्याचाही आवाज नाही.

"जावा तुम्ही आता," वहिनी अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाल्या. "घरी वाट बघत असतील. सकाळी उघडतील ते."

सकाळी उघडतील. बँक सकाळी उघडते तसं. मी पाय उचलायचा म्हटला, उचलेना. मला घरी जायचं होतं. माझी पोरं, सासूबाई, उशीर, सगळं समोर दिसत होतं. आणि मला त्या बंद दाराची भीती वाटत होती, अगदी खरी, लहानपणी अंधाऱ्या माडीची वाटायची तशी.

बेबीताईंनी पिशवी खाली ठेवली आणि पायरीवर बसकण मारली. "माझे पाय दुखतायत," त्या म्हणाल्या. "मी बसणार इथं."

"बेबी, तमाशा नको," वहिनी कुजबुजल्या.

"तमाशा कुठं? खाजं खायचं हाय मला." त्यांनी मालवणहून आणलेल्या खाज्याचा पुडा फाडला. त्या शांततेत तो कागद केवढ्यांदा वाजला! "उज्वला, घे. भाभी, या बसा, गुडघा आखडतोय तुमचा."

शमीमभाभी बसल्या. मी बसले, कारण उभं राहवत नव्हतं. आणि मग भाभींनी मान वर केली आणि पलीकडच्या घराकडे बघून, अख्ख्या बोळाला ऐकू जाईल अशी हाक मारली. "मिरजकरकाकू! ओ काकू! जरा पाणी आणा की तांब्याभर! आम्ही जगदाळेवहिनींच्या दारात बसलोय. साहेबांना बेल ऐकू येत न्हाई वाटतंय, आजारीबिजारी पडलेत का बघा की!"

एक खिडकी उघडली. मग दुसरी. मिरजकरकाकू तांब्या घेऊन आल्या, त्यांच्या पाठोपाठ काका आले. माझ्या सासूबाई दारात आल्या, "काय झालं गं?" म्हणाल्या, आणि मला कधी नव्हे तो त्यांना बघून धीर आला. शालनवहिनी पायऱ्यांच्या कठड्याला धरून उभ्या होत्या. त्यांचा हात मी धरला. बर्फासारखा होता. माझाही तसाच असणार.

आणि बोळाच्या तोंडाशी संपतनं सुमोच्या हॉर्नवर हात ठेवला. ठेवला तो काढलाच नाही. घाटातल्या एसटीसारखा, लांबलचक.

कडी वाजली. दार उघडलं. जगदाळेसाहेब उभे होते, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. त्यांनी बोळातल्या सगळ्या उजेडांकडे पाहिलं. "जरा डोळा लागला होता," ते हळू आवाजात म्हणाले आणि हात जोडले. "बेल ऐकू आली नाही."

"असू दे, असू दे," बेबीताई तोंडातला घास न गिळता म्हणाल्या. "झोप लागली की माणसाला काही कळत न्हाई. आज आम्हाला चांगलं ठाऊक झालंय ते."

वहिनी आत गेल्या. दार त्यांनी लोटलं नाही, उघडंच राहू दिलं. आत दिवा लागला.

लोक आपापल्या घरी परतले. आम्ही तिघी उठलो नाही. "जाऊया?" मी विचारलं. "थांब जरा," भाभी म्हणाल्या. आम्ही कान देऊन बसलो. आतून बोलण्याचा आवाज येत नव्हता, आणि तो येत नव्हता म्हणूनच माझा जीव घाबरा झाला होता. खाजं तोंडात फिरत होतं, गिळवत नव्हतं. मग नळ सोडल्याचा आवाज आला. भांडं ठेवल्याचा. काडी ओढल्याचा. बऱ्याच वेळानं कुकरची पहिली शिट्टी झाली, आणि आम्ही तिघींनी एकदम श्वास सोडला.

शालनवहिनी ओले हात पदराला पुसत दारात आल्या. "अजून बसलाय व्हय?"

"निघतोच की आता," बेबीताई म्हणाल्या.

वहिनींनी एकदा मागं, आतल्या खोलीकडे पाहिलं. मग फरशीवर चिंचोके मांडताना असायचा त्या आवाजात, आत खुर्चीपर्यंत पोचेल एवढ्या मोठ्यानं, त्या म्हणाल्या,

"पुढच्या वर्षी तीन दिवसांचं धरा गं. आणि संपतच्या कॉटचा एक चिंचोका सगळ्यात आधी मांडा."